यलोनाईफला येताय? थंडीपेक्षा वायरची काळजी करा

नोव्हेंबर २०१७ मध्ये मी आणि नवरा टोरांटोजवळच्या मिसिसागाहून कॅनडाच्या उत्तरेतल्या यलोनाईफला आलो तेव्हा माझ्या बॅगांत सात स्वेटर होते. इथे गाडीलाही रात्री वायर लावून झोपवावं लागतं, हे मात्र दोघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. साताऱ्याहून आईचा एकच प्रश्न, "तिथे माणसं राहतात ना गं?"

राहतात, आणि चांगली राहतात. थंडीची सोय या गावाने कधीच लावून ठेवली आहे. घरं गरम, ऑफिसं गरम, मायनस पस्तिसातही शाळा सुरू. बाहेरून आलेला माणूस थंडीच्या धास्तीने येतो आणि अडकतो भलत्याच ठिकाणी. ती ठिकाणं कोणती, तेवढंच इथे सांगते. हा लेख चार दिवस अरोरा (रात्रीच्या आकाशातला रंगीत उत्तर-प्रकाश) बघायला येणाऱ्यांसाठी नाही, नोकरी घेऊन बिऱ्हाडासकट येणाऱ्यांसाठी आहे.

१. आधी डोक्यातला नकाशा दुरुस्त करा

यलोनाईफ ही नॉर्थवेस्ट टेरिटरीजची राजधानी, १९६७ पासून. वस्ती साधारण वीस हजार. सगळ्या टेरिटरीची मिळून लोकसंख्या ४१ हजारांच्या आसपास, म्हणजे सातारा शहराच्या निम्मीही नाही, आणि क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या चौपटीहून जास्त. सर्वात जवळचं मोठं शहर एडमंटन, रस्त्याने सुमारे दीड हजार किलोमीटर. आम्ही मिसिसागात बसून एडमंटनला 'वर उत्तरेला' म्हणायचो. इथले लोक एडमंटनला 'खाली साउथला' म्हणतात. हा फरक पहिल्या दिवशी कळला तर पुढचं बरंच सोपं जातं.

फोनवर मला वर्षभर विचारले गेलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं:

ध्रुवीय अस्वलं दिसतात का? विमानतळावर, बॅगा येतात त्या पट्ट्याच्या मधोमध एक आहे, पेंढा भरलेलं. गाड्यांच्या नंबरप्लेटही अस्वलाच्या आकाराच्या असतात. जिवंत ध्रुवीय अस्वल बघायचं तर पार समुद्रकिनाऱ्यापर्यंत जावं लागेल, इथे आहे ते ग्रेट स्लेव्ह लेक नावाचं अवाढव्य गोडं पाणी.

सहा महिने रात्र असते का? नाही. आर्क्टिक वृत्त इथून आणखी साडेचारशे किलोमीटर उत्तरेला आहे. उजेडाचं गणित सातव्या पायरीवर सांगते.

एस्किमो भेटले का? हा शब्द विमानात बसण्यापूर्वीच टाकून द्या, इथे तो अपमान समजतात. शिवाय ही भूमी मुळात डेने लोकांची. ज्यांना तो शब्द लावायचे त्या इन्युइट लोकांचा नुनावुत प्रदेश १ एप्रिल १९९९ ला वेगळा झाला. शहराच्या नावातला 'पिवळा चाकू' म्हणजे इथले डेने लोक बाळगायचे ती तांब्याची सुरी. त्याच यलोनाइव्ह्ज डेने लोकांची दोन गावं आहेत, एनडिलो शहराला लागून आणि डेट्टा खाडीच्या पलीकडे. डेने लोकांच्या तिचो भाषेत या शहराचं नाव 'सोम्बा के', म्हणजे पैशाची जागा. सोन्याच्या खाणी निघाल्यावर पडलेलं ते नाव. टेरिटरीच्या अधिकृत भाषा अकरा आहेत, त्यामुळे सरकारी इमारतीवरच्या पाट्या वाचता आल्या नाहीत तर बावरू नका.

२. कागदपत्रं: निघण्याआधी एका फाईलमध्ये

इथे आल्यावर एखादा कागद राहिला असं लक्षात आलं तर तो कुरियरने यायला वेळ लागतो. त्यामुळे ही फाईल हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इन बॅगेत नको.

- पासपोर्ट आणि वर्क परमिट किंवा पीआरचे (कायमच्या वास्तव्याचे) कागद
- सिन नंबर (सोशल इन्शुरन्स नंबर)
- नोकरीचं पत्र, त्यात पगार, रुजू होण्याची तारीख आणि सामान हलवण्याचा खर्च कोण देणार हे स्पष्ट लिहिलेलं
- भाडेकरार किंवा विजेचं बिल. 'इथेच राहतो' याचा पुरावा हेल्थ कार्डापासून लायब्ररीपर्यंत सगळे मागतात
- जन्माचा आणि लग्नाचा दाखला, मराठीत असतील तर प्रमाणित इंग्रजी भाषांतरासह
- मुलांच्या लसीकरणाची नोंद आणि शाळेचे निकाल
- गाडी किती वर्षं चालवली याचा अधिकृत दाखला. भारतातून थेट येत असाल तर तो भारतातूनच घेऊन या
- चालू औषधांच्या चिठ्ठ्या, चष्म्याचा नंबर, दातांचे एक्स-रे

दुसऱ्या प्रांतातून येणाऱ्यांनी जुनं हेल्थ कार्ड लगेच कचऱ्यात टाकू नये. नवं लागू होईपर्यंत जुनंच चालतं, आणि यात तीन महिन्यांपर्यंत जाऊ शकतात.

आता पैशाचं. इथे टेरिटरीचा वेगळा विक्रीकर नाही, फक्त ५ टक्के जीएसटी. मात्र पगारातून २ टक्के पेरोल टॅक्स कापला जातो. पहिली स्लिप पाहून मी अकाउंट्सवालीशी हुज्जत घातली होती, तुम्ही घालू नका. आणि उत्तरेत राहण्याची आयकरातली सवलत विसरू नका, फॉर्म टी२२२२. सलग सहा महिने इथे राहिलात की दिवसाला ११ डॉलर उत्पन्नातून वजा होतात आणि घर तुम्हीच चालवत असाल तर आणखी ११. खोच अशी, की एका घरातून एकाने २२ मागायचे किंवा दोघांनी ११-११. आम्ही पहिल्या वर्षी नवराबायकोने दोघांनीही २२-२२ लिहिले, आणि आयकर खात्याचं पत्र आलं.

३. घर: भाड्याचा आकडा शेवटी विचारा

भाडं टोरांटोच्या तोडीचं आहे आणि जागा कमी, त्यामुळे 'हो' म्हणायची घाई होते. आमची झाली. फोटो बघून ओल्ड टाऊनमध्ये एक घर घेतलं. तळ्याचं दृश्य खरंच सुरेख होतं, पण पाणी टँकरचं आणि सांडपाण्याची टाकीही गाडी येऊन उपसणार, हे मालकाने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. टँकर म्हटल्यावर मला माण-खटावचा उन्हाळा आठवला आणि हसूच फुटलं. खंडातल्या सर्वात खोल तळ्याच्या काठी बसून आम्ही पाण्याच्या गाडीची वाट बघत होतो! तिसऱ्या आठवड्यात पाहुणे असताना टाकी संपली, तेव्हा हसू गेलं.

म्हणून क्रमाने विचारा. पाणी नळाचं की टँकरचं? घर कशाने तापतं, तेलाने, लाकडाच्या पेलेट्सने की विजेने, आणि ते बिल भाड्यात धरलंय का? हा प्रश्न भाड्याच्या आकड्याइतकाच मोठा आहे, कारण हिवाळ्यातलं तेलाचं बिल पाहून डोळे पांढरे होतात. पार्किंगच्या जागेला प्लग आहे का, आणि तो चालू आहे का? शक्य असेल तर पहिला महिना नोकरी देणाऱ्यांकडून तात्पुरती जागा मागा आणि घर स्वतः पाहून घ्या.

४. कपडे: इथे येऊन घ्या

साउथच्या मॉलमधलं 'विंटर जॅकेट' मायनस पंधराला ठीक. जानेवारीत इथे सरासरीच मायनस पंचविसाच्या आसपास असते आणि मायनस चाळीसच्या फेऱ्या होतात. (मायनस चाळीसला सेल्सिअस आणि फॅरनहाइट एकच, हिशोब करायचं कारण नाही.) तेव्हा एक बऱ्यापैकी जॅकेट घालून उतरा आणि पार्का (टोपीचा जाड कोट), बूट इथल्याच दुकानातून घ्या. दुकानातली पोरं स्वतः तेच वापरत असल्याने खरं ते सांगतात.

अंगालगत सुती काही नको, घामाने ओलं झालं की तेच गारठवतं. लोकरीचं किंवा सिंथेटिक आतलं, मग फ्लीस, मग पार्का. हाताला पाच बोटांचे ग्लोव्ह्ज नकोत, मिट्स घ्या, त्यांत चारही बोटं एकत्र राहतात आणि एकमेकांना ऊब देतात. बूट एक नंबर मोठा, आत हवा राहिली पाहिजे. कानात धातूचे झुमके घालून मायनस पस्तिसात बसस्टॉपवर उभं राहू नका. एवढंच सांगते, तपशील नको.

घरातली हवा अतिशय कोरडी होते. पहिले काही आठवडे नाकातून रक्त येणं, दाराच्या मुठीला हात लावला की झटका बसणं चालूच. हवेत ओलावा सोडणारं ह्युमिडिफायर घ्या. खोबरेल तेलाची बाटली बारा महिने दगड असते, तिचं तोंड रुंद असलेलं बरं.

५. गाडी आणि ती वायर

आता मुख्य मुद्दा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मायनस छत्तीस होतं. सकाळी नवऱ्याने किल्ली फिरवली, गाडी एकदा कण्हली आणि गप्प झाली. शेजारचे आजोबा कॉफीचा मग घेऊन बाहेर आले. बॉनेट उघडायच्या फंदात न पडता त्यांनी गाडीच्या नाकाकडे बोट दाखवलं. जाळीतून एक छोटासा काळा प्लग लोंबत होता. आम्ही महिनाभर तो तुटलेला कसलातरी भाग समजत होतो.

तो ब्लॉक हीटरचा प्लग. इंजिनातलं पाणी कोमट ठेवायचं त्याचं काम. थंडीत ऑइल थिजलेल्या तुपासारखं होतं, बॅटरीची ताकद अर्ध्यावर येते, मग स्टार्टर बिचारा काय करणार? पारा मायनस वीसच्या खाली जाणार असेल तर प्लग लावायचाच.

- गाडी साउथहून आणत असाल तर ब्लॉक हीटर आहे का ते बघा. नसेल तर बसवून घ्या, सोबत बॅटरीचं पांघरूणही.
- वायर थंडीतही मऊ राहणारी, बाहेर वापरायचीच घ्या. घरातली पांढरी वायर मायनस तीसला काडीसारखी मोडते. आमची मोडली.
- टायमर लावा. निघण्याआधी तीन-चार तास पुरतात, रात्रभर वीज जाळायची गरज नाही.
- निघताना वायर काढा! आरशाला एक चिठ्ठी चिकटवा हवं तर. वायर मागे फरपटत ऑफिसला पोचलेला माणूस दर हिवाळ्यात एकतरी दिसतो.

रात्रभर उभ्या गाडीचे टायर खालून चपटे होऊन तसेच गोठतात. पहिला एक किलोमीटर गाडी बैलगाडीसारखी धडधडते. घाबरून गॅरेजला नेऊ नका, टायर तापले की गोल होतात. चौकात गाड्यांच्या धुराचं धुकं साचतं, तिथे हिरवा दिवा असला तरी सावकाश.

हायवे ३ वरून दक्षिणेला जाताना बेहचोको ते फोर्ट प्रॉव्हिडन्स हा दोनशेहून जास्त किलोमीटरचा पट्टा आहे. मध्ये पंप नाही, बराच भाग फोनला रेंज नाही आणि रस्त्यावर गवे उभे असतात. गवे म्हणजे इथले रानटी बायसन, ट्रकला न बधणारे. अंधारात त्यांचे डोळे हरणासारखे चमकून दिसतील या भरवशावर राहू नका. डिकीत स्लीपिंग बॅग, फावडं, जंपर केबल, मेणबत्त्या, काडेपेटी आणि खायला काहीतरी.

६. किराणा: कोथिंबिरीचं काय होतं

दुकानं आहेत, वस्तू मिळतात, महाग मिळतात. एके काळी तर दक्षिणेकडून येणारा हा हायवे मॅकेंझी नदीपाशी तुटायचा. उन्हाळ्यात फेरी, हिवाळ्यात बर्फावरचा रस्ता, आणि नदी गोठताना किंवा फुटताना दोन्ही बंद, तेव्हा भाजीचे भाव आभाळाला. ३० नोव्हेंबर २०१२ ला त्या नदीवरचा देह चो पूल सुरू झाल्यापासून तो प्रकार संपला. जुनी माणसं अजून अंड्यांच्या भावावरून त्या दिवसांच्या गोष्टी सांगतात.

डाळी, तांदूळ, कणीक मिळते. गोडा मसाला, कोकम, मेतकूट, चांगले पोहे सोबत आणा. भारतातून आणत असाल तर कस्टम्सच्या फॉर्मवर खाण्याचं सगळं लिहा, लपवाछपवी नको. एडमंटनला कोणी जाणार असेल तर तिथल्या मिल वुड्स भागातल्या आपल्या दुकानांची यादी त्याच्या हातात जाते, ही इथली रीत आहे. तुमचीही पाळी येईल.

पहिल्या हिवाळ्यात मी दुकानातून बारा मिनिटं चालत कोथिंबिरीची जुडी आणली. घरी पिशवीतून काढली तेव्हा ती काचेसारखी खुळखुळली, आणि ओट्यावर पाच मिनिटांत काळ्या चिखलाचा गोळा. पालेभाजी, केळी, अंडी न्यायची तर थंड पदार्थांसाठी असते ती जाड पिशवी घ्या, इथे ती वस्तू गरम राहाव्यात म्हणून वापरतात. आणि दही फर्नेसजवळच्या (घर तापवणाऱ्या भट्टीजवळच्या) कपाटात लावा, मस्त लागतं.

७. अंधार आणि उजेड

डिसेंबरच्या २१ तारखेच्या सुमारास सूर्य सकाळी दहाला उगवतो आणि तीनला मावळतो. ऑफिसला जाताना अंधार, येतानाही. हे पाच तास चुकवू नका, जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं बाहेर पडाच. फ्रेम लेकभोवतीची पायवाट शहराच्या मधोमध आहे. ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारा.

मला त्रास जानेवारीत झाला, डिसेंबरमध्ये नाही. नाताळचे दिवे उतरतात आणि अंधार तसाच. संक्रांतीला तिळगूळ वाटताना आमच्याकडे दुपारी साडेतीनला ट्यूबलाइट लागलेली. पण तिथून दिवस खरोखर पळत वाढतो. मार्चमध्ये रोज पाच-सहा मिनिटांनी.

जूनची कुणी कल्पना देत नाही. सूर्य पहाटे पावणेचारच्या आधीच उगवतो आणि रात्री साडेअकरानंतर मावळतो, मधेही नुसती संधिप्रकाशाची झाक. मुलं अकरा वाजता सायकल चालवतात. झोपायच्या खोलीच्या काचांना स्वयंपाकघरातला चंदेरी कागद लावलेला दिसेल, ती गरिबी नाही, झोपेची सोय आहे. आणि डास! कोकणातल्या माणसानेही मान खाली घालावी असे डास. जाळीची टोपी मिळते, लाजू नका.

८. रानमेवा आणि जुनी खाण

जायंट नावाची सोन्याची खाण १९४८ ते २००४ चालली. सोनं काढताना निघालेली आर्सेनिक ट्रायऑक्साइडची विषारी भुकटी, २ लाख ३७ हजार टन, अजून जमिनीखाली आहे आणि ती जमीन गोठवून जागच्या जागी बंदिस्त ठेवण्याचं काम चालू आहे. नळाचं पाणी यलोनाईफ नदीचं, बिनधास्त प्या. मात्र खाणीच्या आसपासची बेरी, मशरूम तोडू नका, आणि शहरालगतच्या छोट्या तळ्यांत पोहण्याआधी, मासे धरण्याआधी सरकारी सूचनांचा नकाशा बघा. मी पहिल्या ऑगस्टमध्ये डबाभर बेरी उत्साहाने खुडून आणल्या आणि शेजारच्या आजोबांनी कुठून आणल्या विचारून डबा सरळ कचऱ्यात रिकामा केला.

कचऱ्यावरून आठवलं. उघड्या पिकअपमध्ये पिशवी ठेवून दुकानात जाऊ नका. इथले डोमकावळे कोंबडीएवढे आहेत आणि गाठ सोडण्यात पटाईत. पितृपक्षात पान ठेवल्यावर ताटकळायची वेळ काही येत नाही.

९. निघायची पिशवी

१६ ऑगस्ट २०२३ ला वणव्यामुळे सगळं शहर रिकामं करण्याचा आदेश निघाला. शहरात येणारा रस्ता एकच. आम्ही आकाश केशरी झालेलं असताना रांगेत एडमंटनच्या दिशेने निघालो, ६ सप्टेंबरला परतीची परवानगी मिळाली. तीन आठवडे दोन जोड कपड्यांवर काढले, कारण मी घाईत कणकेचा डबा घेतला आणि मुलीचे बूट विसरले.

तेव्हापासून मे ते सप्टेंबर दाराशी एक बॅग तयार असते: पायरी दोनमधली फाईल, औषधं, चार्जर, रोकड, दोन दिवसांचं सुकं खाणं, एन-९५ मास्क. गाडीची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. भाड्याने राहत असलात तरी भाडेकरूचा विमा काढा.

१०. घरच्यांना केव्हा बोलवायचं

सगळे जूनमध्ये येतो म्हणतात, मुलांच्या सुट्ट्या असतात म्हणून. आणि मग विचारतात, अरोरा कुठाय? जूनमध्ये अंधारच नाही तर अरोरा दिसणार कशी? ऑगस्टअखेर ते एप्रिलची सुरुवात, हा तिचा काळ. त्यातही म्हाताऱ्या माणसांना मार्चमध्ये बोलवा. ऊन असतं, थंडी सोसवते, गोठलेल्या यलोनाईफ बेवर (खाडीवर) बर्फाचा प्रचंड किल्ला बांधलेला असतो (दिवाळीतला आपला किल्ला, फक्त यात माणसं शिरतात) आणि डेट्टाला जाणारा सहा किलोमीटरचा बर्फाचा रस्ता चालू असतो. उन्हाळ्यात त्याच गावाला वळसा घालून २७ किलोमीटर जावं लागतं. रस्त्याच्या तोंडाशी वजनाची मर्यादा लिहिलेली असते, ती पाळा.

माझी आई २०१९ च्या मार्चमध्ये आली. बर्फाच्या रस्त्याच्या मधोमध गाडी थांबवायला लावून ती उतरली, खाली वाकून निळसर बर्फातल्या पांढऱ्या भेगा पाहिल्या, मिट काढून तळवा टेकवला. मग गाडीत बसून दार लावलं आणि जावयाला म्हणाली, "हळू चालवा हो, खाली पाणी आहे." पलीकडून एक भलामोठा पाण्याचा टँकर निवांत येत होता.